काडीचं माप

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मी खोटारडी म्हटलं. आठ महिन्यांत किती वेळा, ते काही मोजलं नाही. पण पहिल्यांदा म्हटलं ते शाळेच्या मैदानावर, दोन शिक्षिकांच्या देखत, गळ्यात शिट्टी अडकवलेली असताना. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटायचं, बाई किती काळजी करणारी! काळजी होतीच हो. पण काळजीच्या नावाखाली माणूस काय काय करून बसतं, ते मला विचारा.

मी शाळेत खेळ शिकवते. एकतीस वर्षं झाली. पोरं पाठीमागे मला शिट्टीबाई म्हणतात आणि त्यांना वाटतं मला पत्ता नाही. शरीराचं गणित माझ्या लेखी पहिलीतल्या बेरीज-वजाबाकीइतकं सोपं होतं. तोंडातून आत जातं ते अधिक, घामातून बाहेर पडतं ते उणे, उरलं ते कमरेवर. वजन वाढतंय म्हणजे माणूस खातंय. खात नाही म्हणतंय म्हणजे चोरून खातंय. हे मी किती पोरांच्या आयांना तोंडावर सांगितलं असेल! एकीनंही कधी उलटून विचारलं नाही की बाई, तुम्हाला कसं कळलं? विचारलं असतं तर बरं झालं असतं.

याला कारण आमची आई. आई जाड होती, गुडघ्यानं अधू होती, आणि साखरेच्या दुखण्यानं शेवटी तिची एक बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. ‘मी शिवतसुद्धा नाही’ असं ती आमच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची. ती गेल्यावर तिची गादी मी उचलली, तर खाली बिस्किटांचे अकरा रिकामे पुडे. मी ते मोजले. रडायचं सोडून मोजत बसले. तेव्हापासून ‘मी काही खात नाही’ असं कुणी म्हणालं की माझं टाळकंच फिरतं.

आता बहिणीबद्दल. तिला घरात सगळे काडी म्हणतात. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की वडील म्हणाले, ही तर काडेपेटीत मावेल. नाव पडलं ते पडलंच. शाळेत पोरं काडीपैलवान म्हणून चिडवायची, आणि ही बया चिडायची नाही, दंड काढून दाखवायची. आणि खरेपणा इतका की वैताग यावा. एकदा तिला मी महिनाभर पळायला शिकवून शर्यतीत उतरवलं. पहिली आली. पदक गळ्यात पडलं, टाळ्या झाल्या, आणि ही पंचांकडे जाऊन म्हणते, ‘माझा पाय शिट्टीच्या आधी उचलला गेला होता.’ कुणी पाहिलं नव्हतं! मला तर तिचा गळाच धरावासा वाटला. पदक दुसऱ्या मुलीला गेलं आणि काडी घरी येताना गाणं म्हणत होती.

मोठी झाल्यावर ती एका बेकरीत लागली, दुपारच्या पाळीला. पाव कापायचे, बांधायचे, गिऱ्हाइकाला द्यायचे. तिचा नवरा शिंपी. कोपऱ्यावर एक खोलीचं दुकान, दोन मशिनं, एक लांब टेबल, भिंतीवर पिना टोचायची उशी. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही. मास्तर म्हणजे तोंडात मूग धरलेला माणूस. दाताखाली पिना असायच्या म्हणून बोलायची सवय गेली, असं काडी म्हणायची. मूलबाळ झालं नाही. पण दोघांचं असं जमायचं की बघणाऱ्याला हेवा वाटावा. ती अखंड बोलायची, तो अखंड ऐकायचा, आणि दोघंही खूश.

काडी त्रेचाळीस वर्षांची झाली आणि तिचं वजन वाढायला लागलं. आधी गाल भरले. सगळे म्हणाले, छान दिसतेस, तब्येत धरलीस. मग पोट सुटलं. मग डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेली तर रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी कागदावर नजर ठेवूनच सांगितलं, ‘वय होतंय. कमी खा, चाला, वजन उतरवा.’ ती तिथून तडक माझ्याकडे आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘ताई, मला आईसारखं व्हायचं नाही. तू सांगशील ते करते.’

झालं! मला तर आयतं मैदानच मिळालं. दुसऱ्याच दिवसापासून पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर. पाच फेऱ्या चालायच्या, दोन पळायच्या, मग उठाबशा, मग दोरीवरच्या उड्या. जेवणाचं पान ठरवून दिलं. सकाळी एक अंडं, दुपारी उकडलेल्या भाज्या आणि पावाचा एक तुकडा, संध्याकाळी भाज्यांचं पाणी आणि एक फळ. साखर बंद, तळलेलं बंद. जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं आणि दर रविवारी मला वही दाखवायची. रविवारीच खेळाच्या खोलीतल्या काट्यावर वजन. पहिल्या रविवारी भरलं चौसष्ट किलो. मी पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘तीन महिन्यांत छप्पन्न करते की नाही बघ.’

तीन महिन्यांत एकाहत्तर झालं.

मी काटा बदलला. शाळेचा खराब असेल म्हणून औषधाच्या दुकानातल्या काट्यावर नेलं. तिथं दोनशे ग्रॅम जास्तच. वही बघितली तर वही चोख. ‘अर्धं सफरचंद. उरलेलं अर्धं मास्तरांना दिलं.’ असलं सगळं लिहिलेलं. मी वही मिटली आणि म्हटलं, ‘हे सगळं ठीक आहे. आता जे लिहिलं नाहीस ते सांग.’

‘लिहिलं नाही असं काहीच नाही गं.’

‘बेकरीत?’

‘बेकरीत मी पाणी पिते.’

‘काडी, सगळी दुपार पावाच्या वासात उभी असतेस आणि पाणी पितेस?’

‘वासानं माणूस जाड होत असेल तर मग झालेच असेन,’ ती म्हणाली आणि हसली. मी हसले नाही. पुढच्या आठवड्यात न सांगता बेकरीत गेले. मालक भला माणूस. त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘बाई, तुटलेली बिस्किटं आम्ही सगळे खातो. तुमची बहीण तेवढी हातसुद्धा लावत नाही. आम्हीच चिडवतो तिला.’ एखाद्याला हे पुरलं असतं. माझ्या मनात काय यावं? की हा मालक तिला सामील आहे! संशय एकदा डोक्यात शिरला ना, की पुरावासुद्धा त्याच्याच बाजूनं साक्ष द्यायला लागतो.

चौथ्या महिन्यात मी तिची पिशवी तपासली. तिच्यादेखत. पाकीट, रुमाल, किल्ली, डोकेदुखीच्या गोळ्या. तिनं पिशवी उलटी करून झटकून दाखवली आणि म्हणाली, ‘खिसेही बघ.’ आणि मी खिसेही बघितले! हे लिहिताना माझे कान तापलेत. पण तेव्हा मला वाटत होतं की मी तिला वाचवतेय. मला डोळ्यांसमोर ते अकरा पुडे दिसत होते.

मग तो मैदानावरचा दिवस. उठाबशा चालल्या होत्या. काडी खाली बसली आणि वर येईना. दोन्ही हात जमिनीला टेकून, गुडघ्यांवर रेटा देऊन कशीबशी उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. महिन्यापूर्वी वीस मारायची, आता तीनात थकली. मी म्हटलं, ‘नाटकं पुरेत.’

‘नाटक नाही गं. मांड्यांत जोरच राहिला नाही. बेकरीच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागतं.’

‘जोर कुठून राहील? वीस पावांचं ओझं पोटावर घेऊन फिरतेस.’

‘ताई, मी खरंच खात नाही.’

तेव्हा मी म्हटलं ते. ‘खोटारडी आहेस तू. आईसारखीच खोटारडी. खाई त्याला खवखवे, म्हणून रोज ही सफाई देतेस.’ चांगलं मोठ्यानं म्हटलं. मैदानावर बोलायची सवय, आवाज लहान होतच नाही. दोन शिक्षिका फेऱ्या मारत होत्या, त्या थबकल्या. काडीचं तोंड आधीच लाल असायचं हल्ली, ते आणखी लाल झालं. तिनं बूट झटकले आणि राहिलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या.

मला वाटलं, उद्या येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला फाटकाशी हजर. नसती आली तर बरं, भांडली असती तर त्याहून बरं. पण ती येतच राहिली. पानावरून तिनं पावाचा तुकडा स्वतःहून काढून टाकला, मग अंडं अर्धं केलं. दंडावर निळे डाग दिसायचे. विचारलं की म्हणायची, टेबलाला लागलं असेल, हल्ली जरा लागलं की डाग पडतो. मी म्हणायचे, लोह कमी असेल, पालक खा. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं, हेच तर दुखणं होतं माझं.

आठव्या महिन्यात काटा एकोणऐंशीवर गेला. त्या रविवारी मी तिला काही बोलले नाही. सरळ मास्तरांच्या दुकानात गेले. म्हटलं, घरात चोरून खाणाऱ्याला कुणीतरी चोरून आणून देतंय. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की हा माणूस वितळतो, हे मला ठाऊक होतं.

दुकानात कुणी नव्हतं. मास्तर टेबलावर काडीचा बेकरीतला पांढरा कोट पसरून उसवत होते. मला बघून कोट गोळा करून टेबलाखाली ढकलायला लागले. तेवढंच मला पुरलं.

‘काय लपवताय मास्तर?’

‘काही नाही ताई.’

‘तिचा कोट सैल करताय ना? कितव्यांदा?’

ते खाली बघून म्हणाले, ‘पाचव्यांदा.’

‘तरीच! मी म्हणते वजन पंधरा किलो चढलं आणि बाईसाहेबांचे कपडे कसे काय अंगाला बरोबर बसतात! इकडे मी ओरडून ओरडून घसा फोडतेय, आणि तिकडे तुम्ही गुपचूप कपडे मोठे करताय? तिला लाज वाटू नये म्हणून? अहो, लाज वाटली तर सुधारेल ना! काय आणून देता तिला? खरं सांगा. केक? बिस्किटं?’

मास्तर कधी कुणाला उलटून बोललेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तोंडातल्या पिना एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, आणि कोट पुन्हा टेबलावर पसरला.

‘ताई, इकडे बघा. पोटाला मी पाचदा सोडलंय, बरोबर. आणि ही बाही बघा. ही मी तीनदा आवळलीय.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे दंड उतरलाय तिचा. सव्वा इंच. मांडी दीड इंच उतरलीय. आणि पोट साडेपाच इंच चढलंय. मानेमागे इथं फुगवटा आलाय, कॉलर बसत नाही, उचलली जाते. पाठ गोल होतेय.’ त्यांनी खणातून मापांची वही काढली. काडीचं स्वतंत्र पान होतं. तारखा, आणि पुढे छाती, कंबर, दंड, मांडी, मान. ‘एकोणतीस वर्षं मी मापं घेतोय. खाऊन सुटलेलं माणूस सगळीकडून सुटतं ताई. दंड भरतो, मांडी भरते, मनगटसुद्धा भरतं. एकीकडून फुगतंय आणि दुसरीकडून वाळतंय, असं माप मी आजवर कुणाचं लिहिलं नाही. हे खाण्याचं नाही. हे काहीतरी वेगळंच आहे.’

मी खाली बसले. तिथं एक स्टूल होतं म्हणून बरं.

‘केव्हापासून ठाऊक आहे तुम्हाला?’

‘चार महिने झाले.’

‘चार महिने! आणि तोंडातून शब्द नाही? अहो, जीभ आहे की काय आहे?’

तेव्हा ते जे म्हणाले ते ऐकून मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. म्हणाले, ‘माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. टेप लावायची, आकडा मनात वाचायचा, वहीत लिहायचा. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वाढलं म्हणायचं नाही, उतरलं म्हणायचं नाही. माणूस विश्वासानं आपल्यापुढे हात वर करून उभं राहतं.’

‘ती गिऱ्हाईक आहे का हो? बायको आहे तुमची!’

‘सवय लागते ताई. आणि एकदा धीर करून बोलणार होतो. पण ती घरी येऊन म्हणाली, ताईनं सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. मला वाटलं, आता मीही तिच्या अंगाबद्दल काही बोललो तर ती कुठे जाईल? म्हणून रात्रीत कपडे दुरुस्त करून ठेवायचो. निदान सकाळी बटण तरी नीट लागावं.’

म्हणजे बघा. एकानं दयेपोटी गप्प बसायचं आणि दुसरीनं प्रेमापोटी बोंबलायचं, आणि मधे त्या बिचारीचं काय चाललंय ते दोघांनीही विचारायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ती वही पिशवीत टाकली आणि मास्तरांना म्हटलं, ‘दुकान बंद करा.’

मोठ्या इस्पितळात ग्रंथींच्या डॉक्टर होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी काडीला तपासायच्या आधी वही वाचली. दोनदा वाचली. मग विचारलं, ‘हे कुणी लिहिलं?’ मास्तरांनी वर्गात करतात तसा हात वर केला. त्या म्हणाल्या, ‘पेशंट मला सांगतात की वजन वाढलं. कुठं वाढलं आणि कुठं उतरलं, तेही तारीखवार, असं कुणी आणून दिलं नव्हतं.’ मग काडीला म्हणाल्या, ‘हाताची घडी घाला आणि या बुटक्या स्टुलावरून उभ्या राहा बघू.’

काडीनं हाताची घडी घातली. पुढे झुकली. पुन्हा झुकली. नाही उठता आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे नाही. ती नजर सांगत होती की बघ हं, मी मुद्दाम करत नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तपासण्या दोन आठवडे चालल्या. रक्त, चोवीस तासांची लघवी, मग पोटाचे फोटो. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. प्रत्येक मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. काडीच्या डाव्या बाजूच्या ग्रंथीवर गाठ होती, लिंबाहून थोडी लहान. ती गाठ एक रस गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोडत होती. तो रस हातापायांचं मांस झिजवतो आणि पोटावर, मानेवर, तोंडावर चरबी चढवतो. रक्तदाब वाढवतो, कातडी पातळ करतो, हाडं ठिसूळ करतो.

मी विचारलं, ‘कमी खाल्लं तरी?’

‘तरीही.’

‘रोज व्यायाम केला तरी?’

डॉक्टर म्हणाल्या, ‘यांचे स्नायू आतून झिजत होते. आणि अशा अंगानं या रोज पहाटे पळत होत्या. कशा पळत होत्या याचंच मला नवल वाटतंय.’ मग त्यांनी स्पष्टच सांगितलं की गाठ काढायलाच हवी, आणि रक्तदाब इतका चढलेला असताना भूल देणं जोखमीचं आहे. न काढणं त्याहून जोखमीचं. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर हृदयानं दगा दिला असता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि मास्तर बाकड्यावर बसलो होतो. साडेतीन तास. मास्तर म्हणाले, ‘मी चार महिने आधी बोललो असतो तर...’ मी म्हटलं, ‘तुम्ही बोलला असता तर मी तुम्हालाही खोटारडं म्हटलं असतं. गप बसा.’ मग आम्ही दोघंही रडलो. मी एकतीस वर्षांत शाळेच्या आवारात कधी रडले नाही, पण इस्पितळातल्या त्या बाकड्यावर सगळी थकबाकी निघाली.

गाठ साधी निघाली. वाचली काडी. पण गोष्टीत असतं तसं दुसऱ्या दिवशी सगळं ठणठणीत झालं, असं नाही. उजवीकडची ग्रंथी इतके दिवस बसून खात होती, ती जागी व्हायला महिने लागले. गोळ्या चालू होत्या. अंग मोडून यायचं, भूक मरायची, कधी कधी केस विंचरायलाही हात वर जायचा नाही. वजन मात्र उतरत गेलं, कुणी न सांगता, एकही फेरी न मारता. मी तिला काट्यावर चढवलं नाही. तो काटा मी शाळेच्या अडगळीत टाकला आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तर सांगितलं, नादुरुस्त आहे.

मी माफी मागितली, इस्पितळातच. बऱ्याचदा मागितली. ती दर वेळी ‘जाऊ दे गं’ म्हणून हात उडवायची. मला वाटलं, झालं, मिटलं. मनातून मी स्वतःला जरा माफही करायला लागले होते. कुणाला ठाऊक होतं, डॉक्टरांनासुद्धा आधी कळलं नव्हतं, असं म्हणत म्हणत.

सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी तिच्याकडे गेले. बेकरीच्या मालकानं ताजे पाव पाठवले होते तिच्यासाठी, ते पोचवायला. मास्तर दुकानात होते. काडी स्वयंपाकघरात चहा करत होती. गाल बसले होते, पूर्वीची हनुवटी पुन्हा दिसायला लागली होती. मी पाव ठेवायला फडताळातला पत्र्याचा डबा काढला. त्याच्या कडीला आणि झाकणाच्या कानाला शिवणाचा पांढरा दोरा बांधलेला. एक टोक लोंबत होतं, मळकं झालेलं. फ्रीजच्या मुठीलाही तसलाच एक तुकडा.

‘हे काय गं? डबे शिवायला लागले की काय मास्तर?’

ती वळून बघायला आली आणि ओशाळून हसली. ‘अगंबाई, राहिलाच का तो? ते माझं वेड होतं. सोड.’

‘सांग तरी.’

‘काही नाही गं. तू खोटारडी म्हणालीस ना मैदानावर, तेव्हा मी घरी येऊन खूप विचार केला. म्हटलं, मी तर खात नाही. पण ताई म्हणतेय म्हणजे काहीतरी असणार. ताई अशा बाबतीत चुकत नाही. मग मला वाटलं, मी झोपेत उठून खात असेन. काही लोक झोपेत चालतात ना, तसं. मग रोज झोपायच्या आधी मी डब्याला, फ्रीजला, सगळ्याला दोरा बांधून ठेवायचे. माझ्या पद्धतीची गाठ मारून. सकाळी उठल्याबरोबर बघायचं, दोरा तुटलाय का, गाठ सुटलीय का.’

‘मग?’

‘एकदासुद्धा सुटली नव्हती.’

मला हायसं वाटलं. वेडीसारखं हायसं वाटलं. म्हटलं, ‘मग कळलं ना तुला तेव्हाच, की तू खरं बोलतेयस?’

‘छे गं,’ काडी म्हणाली. चहा गाळत होती, माझ्याकडे पाठ होती. ‘मला वाटलं, झोपेत खाते आणि गाठही पुन्हा तशीच्या तशी बांधून ठेवते. किती लबाड बाई आहे मी, असं वाटायचं. मास्तरांना विचारायचीही भीती वाटायची, ते हो म्हणाले तर?’

माझ्या हातात डबा होता तो मी खाली ठेवला. तिच्या शरीरानं तिला फसवलं, ते गाठीमुळे. तिच्या मनानं तिला फसवलं ते कुणामुळे, हे मला कुणा डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. आणि ती गाठ कापून काढून देईल असं इस्पितळ मला तरी माहीत नाही.

तिनं टेबलावर दोन कप ठेवले. पाव कापला, लोणी लावलं, एक काप मला दिला, एक स्वतः घेतला. आम्ही खाल्लं. तिला भूक लागलेली होती, ते दिसत होतं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा तिला खरी भूक लागली होती. ताटलीत अजून चार काप होते. तिनं हात पुढे केला, मग थांबवला, आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं,

‘ताई, अजून एक घेऊ?’